स्नूकरचा मोसम कोथरूडमधून कसा बघावा

आमच्या स्नूकर पार्लरमध्ये टीव्हीवर मॅच लागलेली असली की पोरं विचारतात, "काकू, ही कुठली टूर्नामेंट?" मी नाव सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मोठी आहे का?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हाला देता आलं की स्नूकरचा मोसम कळायला लागला म्हणायचा. तोवर सगळा गोंधळच. वर्षभरात वीसेक स्पर्धा, आणि नावं ठेवणाऱ्याने डोकं म्हणून वापरलेलं नाही. जर्मन मास्टर्स वेगळं, नुसतं मास्टर्स वेगळं, शांघाय मास्टर्स आणखी वेगळं. प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि टूर चॅम्पियनशिप एकाच वसंतात येतात. वर्ल्ड ओपन म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप नव्हे आणि वर्ल्ड ग्रांप्री ह्या दोन्हींपैकी काहीच नव्हे.

मी स्वतः क्यू, म्हणजे खेळायची काठी, फारसा हातात धरत नाही. कोथरूडला आमच्या ह्यांचं चार टेबलांचं पार्लर आहे, गल्ल्यावर मी बसते. कुठल्या टेबलावर कोण किती वाजता बसलं, कधी उठलं, कोल्ड्रिंक किती, उधारी कोणाची, हे सगळं माझ्या वहीत. बी.कॉम. झाल्याचा तेवढा एक उपयोग. त्यामुळे स्नूकर मला ट्रॉफ्यांपेक्षा हिशेबातून कळलं, आणि खाली देते आहे ती रीतही हिशेबाचीच आहे. ज्यांना फक्त रॉनी ओसुलिवनचे व्हिडिओ बघायचेत त्यांनी खुशाल बघावेत, त्यांना ह्या सगळ्याची गरज नाही.

आधी वह्या किती ते समजून घ्या

व्यावसायिक टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात. त्यांची जागतिक क्रमवारी २०१४ पासून सरळसरळ पैशावर चालते. रँकिंग स्पर्धेत जितके पौंड मिळाले तितके गुण. मागच्या दोन वर्षांची कमाई धरायची, आणि दोन वर्षांपूर्वीची तीच स्पर्धा परत आली की तेव्हाचे पैसे वजा करायचे. माझ्या वहीतलं सगळ्यात जुनं पान फाडून नवं पान शेवटी डकवत जावं, तसं. वहीची जाडी तीच राहते, आतले आकडे बदलत राहतात.

हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळ कोडी सुटतात. बेल्जियमचा लुका ब्रेसल २०२३ ला विश्वविजेता झाला, ५ लाख पौंड खात्यात आले. दोन वर्षांनी, २०२५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप संपताच ते ५ लाख वजा झाले आणि गडी पहिल्या सोळाच्या बाहेर फेकला गेला. त्या वर्षी तो क्वार्टर फायनलपर्यंत पोहोचला होता तरीही. उलट त्याच स्पर्धेत चीनचा झाओ शिनटाँग हौशी खेळाडू म्हणून उतरला, पात्रतेच्या चार फेऱ्या खेळून मुख्य स्पर्धेत आला आणि जिंकला. एका स्पर्धेच्या जोरावर तो पुढच्या मोसमात अकराव्या क्रमांकावर दिसू लागला. आमच्याकडे पोरं म्हणाली, "काकू, एकदम अकरावा कसा?" म्हटलं, ५ लाख एका दमात जमा झाल्यावर दुसरं काय होणार. आता त्याच्या खात्यातले ते ५ लाख २०२७ ची वर्ल्ड संपेपर्यंत राहणार. तोवर बाकीच्या स्पर्धांमधून त्याने किती साठवलं ते बघत बसायचं, खरी गंमत तिथे आहे.

ही झाली दोन वर्षांची वही. दुसरी वही एका वर्षाची. मोसमाच्या सुरुवातीला सगळे शून्यावर, आणि त्या मोसमात कमावलं तेवढंच धरायचं. ह्या यादीवरून तीन स्पर्धांची निमंत्रणं ठरतात: वर्ल्ड ग्रांप्रीला पहिले ३२, प्लेयर्स चॅम्पियनशिपला पहिले १६, टूर चॅम्पियनशिपला पहिले १२. चाळणी बारीक होत जाते. दोन वर्षांच्या यादीत थोर असलेला माणूस ह्या यादीत चाळिसावा असू शकतो, आणि मग फेब्रुवारीत तो घरी बसतो. नव्या पोराला इथेच पटकन वर यायची संधी असते.

तिसरा प्रकार निमंत्रितांच्या स्पर्धांचा. लंडनचं मास्टर्स, चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स, शांघाय मास्टर्स. इथे पैसे भरपूर, पण क्रमवारीत एक पौंडही धरत नाहीत. मास्टर्सच्या विजेत्याला साडेतीन लाख पौंड मिळतात आणि क्रमांक जिथल्या तिथे.

तेव्हा "मोठी आहे का" ह्याचं उत्तर असं द्यायचं: पैसे किती, आणि ते कुठल्या वहीत जातात. इंग्लिश ओपन, वेल्श ओपन वगैरे ज्या चार होम नेशन्स स्पर्धा आहेत तिथे विजेत्याला १ लाख. यूके चॅम्पियनशिपला अडीच लाख. सौदी अरेबियात २०२४ ला जी स्पर्धा सुरू झाली, २०२५ ला जेद्दाला झाली ती, तिथे वर्ल्डइतकेच, ५ लाख होते. अजून मानाच्या तीन स्पर्धा विचारल्या तर जुनी माणसं यूके, मास्टर्स आणि वर्ल्ड हीच नावं घेतील, ट्रिपल क्राउन म्हणतात त्याला. मान आणि पैसा नेहमी एकाच घरी नांदत नाहीत. पण क्रमवारीला मान कळत नाही, तिला पौंड कळतात.

एक बारीक कलम लक्षात ठेवा. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सीड मिळालेला, म्हणजे वरच्या क्रमांकामुळे थेट प्रवेश मिळालेला, खेळाडू पहिलीच मॅच हरला तर त्याला त्या फेरीचे पैसे मिळतात, पण क्रमवारीत धरत नाहीत. म्हणजे सीडसाठी पहिली मॅच जिंकणं किंवा हरणं ह्यात वहीच्या दृष्टीने फार मोठा फरक असतो. पहिल्या फेरीत मोठे मोठे लोक आखडून का खेळतात त्याचं एक कारण हेही असावं असं माझं मत.

कालनिर्णय आणि घड्याळ

वर्ल्ड स्नूकर टूरच्या वेबसाइटवर मोसमाचं वेळापत्रक मिळतं. तारखा पुढंमागं होतात, म्हणून पेननं लिहू नका. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवरच पेन्सिलने लिहिते, दुधाच्या आणि बाईंच्या खाड्यांच्या शेजारी. रँकिंग स्पर्धेखाली एक रेघ, एका वर्षाच्या यादीवरून ठरणाऱ्या तीन स्पर्धांखाली दोन, निमंत्रितांच्या स्पर्धेभोवती गोल. पुरे होतं.

आता वेळ. इंग्लंडमध्ये उन्हाळी वेळ असताना आपण साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढे येतं. ह्या दोन रविवारांना कालनिर्णयवर फुली मारून ठेवा, कारण त्या आठवड्यात हमखास कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा टीव्ही लावतो आणि मग "काकू, मॅच कॅन्सल झाली का" म्हणून फोन करतो.

चीन आपल्यापुढे अडीच तास. तिथलं संध्याकाळी साडेसातचं सत्र आपल्याकडे पाच वाजता, म्हणजे चहाबरोबर. वुहान, शिआन, इंटरनॅशनल चॅम्पियनशिप, युशानची वर्ल्ड ओपन, ह्या सगळ्या पुणेकरांना फार सोयीच्या. हौस नवी असेल तर सुरुवात चीनमधल्या स्पर्धांनीच करा, झोप मोडत नाही. जेद्दा आपल्या अडीच तास मागे, तेही जमण्यासारखं. बर्लिन हिवाळ्यात साडेचार तास मागे. खरा त्रास यॉर्क आणि लंडनचा. हिवाळ्यातलं तिथलं दुपारी एकचं सत्र आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, पण सात वाजताचं मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतं. यूके आणि मास्टर्स दोन्हींची ही कथा. नोकरी असेल तर फक्त दुपारची सत्रं बघा, रात्रीचा निकाल सकाळी वाचा.

भारतात कुठल्या वाहिनीवर किंवा अॅपवर दिसेल हे मोसमागणिक बदलतं, त्यामुळे मी नाव सांगत नाही. वर्ल्ड स्नूकर टूरच्या साइटवर देशाप्रमाणे प्रक्षेपणाची माहिती असते, मोसम सुरू होताना एकदा बघून घ्या. आणि चित्र नसलं तरी तिथला लाइव्ह स्कोअर फुकट असतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी नुसता स्कोअर उघडून ठेवते. ७४ चा ब्रेक, म्हणजे एका दमात ७४ गुण, चालू आहे एवढं दिसलं तरी पुरतं, बाकीचं टेबल डोळ्यांपुढे येतं.

एक चकवा सांगते. स्पर्धा चीनमध्ये, पण तिची पहिली फेरी इंग्लंडमधल्या एखाद्या क्रीडासंकुलात काही आठवडे आधीच झालेली असते. मोठ्या खेळाडूंच्या त्या फेरीच्या मॅचेस मात्र मागे ठेवतात आणि मुख्य ठिकाणी खेळवतात, तिथल्या प्रेक्षकांना नावं बघायची असतात म्हणून. त्यामुळे पहिल्या दिवशी स्कोअर उघडला तर काही जण दुसऱ्या फेरीत आणि काही पहिल्या, असं दिसेल. चूक नाही, तसंच असतं.

आपल्या सणांवर बसवलेला मोसम

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की थोड्याच दिवसांत मोसम उघडतो. सुरुवातीला लेस्टरला चॅम्पियनशिप लीग, गटागटांत खेळली जाणारी. तिथे फार जीव गुंतवू नका. खेळाडूंचाही हात अजून बसलेला नसतो. आमच्याकडे त्या वेळी पावसाने कापड दमट झालेलं असतं, बॉल जडशीळ चालतात, आणि पोरं टीव्हीतलं टेबल बघून म्हणतात, "काकू, आपलं टेबल असं का नाही पळत?" तिथल्या स्लेटखाली हीटर असतो. आमच्या स्लेटखाली फक्त तळमजल्याची ओल आहे.

गणपतीच्या आगेमागे खरी कमाई सुरू होते. २०२५ ला ऑगस्टमध्ये जेद्दाची स्पर्धा होती. ती तर लक्षात राहावी अशीच होती: रॉनीने ख्रिस वेकलिनविरुद्धच्या सेमी फायनलमध्ये एकाच मॅचमध्ये दोन वेळा १४७ (एका दमात टेबलावरचे जास्तीत जास्त गुण) केले आणि फायनल नील रॉबर्टसनकडून ९-१० अशी हरला. सप्टेंबरात इंग्लिश आणि ब्रिटिश ओपन येतात, तोवर आमच्या गल्लीत ढोल-ताशा जोरात असतो. आवाज बंद करून मॅच बघायची सवय लावून घ्या. स्नूकरचं त्यात काही बिघडत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बेलफास्टचं नॉर्दर्न आयर्लंड ओपन, चीनमधलं शिआन, मग इंटरनॅशनल चॅम्पियनशिप. फराळ करताना बघायला ह्या उत्तम. दिवाळी संपली की यॉर्कला यूके. ह्या स्पर्धेकडे दोन कारणांसाठी नीट लक्ष द्या. एक, २०२२ पासून पहिले १६ थेट मुख्य स्पर्धेत असतात आणि बाकीच्यांना पात्रतेतून झगडत यावं लागतं, त्यामुळे पहिल्याच फेरीत ताजा हात आणि तापलेला हात समोरासमोर येतात. दोन, यूके संपली की दोन वर्षांच्या वहीवर रेघ मारतात आणि पहिल्या सोळांना मास्टर्सचं बोलावणं जातं. पंधराव्या ते अठराव्या क्रमांकाची माणसं त्या आठवड्यात कशी खेळतात ते बघा. नंबर एकची मॅच सोडून मी त्यांचीच बघते.

शूट आउट नावाचा एक प्रकार आहे: दहा मिनिटांची एकच फ्रेम, म्हणजे एकच डाव, पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक शॉटला १५ सेकंद, नंतर १०. प्रेक्षक आरडाओरडा करतात. २०१७ ला त्याला रँकिंग दर्जा दिला तेव्हा अनेक खेळाडूंनी नाकं मुरडली होती आणि मी त्यांच्या बाजूची आहे. बघायचं तर गंमत म्हणून बघा.

संक्रांतीला मास्टर्स. जानेवारीच्या मध्यावर, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, सोळाच खेळाडू, एक हरलं की घरी. क्रमवारीचं ओझं नसल्यामुळे लोक मोकळे खेळतात. २०२५ ला शॉन मर्फीने ते जिंकलं आणि वाटेत सेमी फायनलमध्ये मार्क अॅलनविरुद्ध १४७ केला. ज्याला वर्षातून एकच स्पर्धा बघायचीय त्याला लोक वर्ल्ड सांगतात. मी मास्टर्स सांगेन. आठ दिवसांत आटोपते आणि प्रत्येक मॅच तोलामोलाची.

त्यानंतर होळी-पाडव्यापर्यंत चाळणीचा काळ: वर्ल्ड ग्रांप्री, प्लेयर्स, शेवटी टूर चॅम्पियनशिप. मध्ये बर्लिनचं जर्मन मास्टर्स आणि वेल्श ओपन. इथे एका वर्षाची यादी शेजारी उघडी ठेवल्याशिवाय मजा नाही. ३२ व्या, १६ व्या, १२ व्या नावावर बोट ठेवून बसायचं. टूर चॅम्पियनशिप संपली की दोन वर्षांच्या वहीवर पुन्हा रेघ, आणि त्या दिवशीचे पहिले १६ वर्ल्डला सीड होतात. सोळावा आणि सतरावा ह्यांच्यात कधी कधी फार थोड्या पौंडांचं अंतर असतं, पण एक जण थेट वर्ल्ड जिथे होते त्या क्रूसिबल थिएटरात उतरतो आणि दुसऱ्याला पात्रतेची मॅच खेळावी लागते.

मॅच वाचायची कशी

बेस्ट ऑफ ११ म्हणजे सहा फ्रेम आधी घेईल तो जिंकला, १९ म्हणजे दहा. निम्म्याच्या वर एक, इतकंच. यूके आणि मास्टर्समध्ये फायनल १९ ची, बाकी मॅचेस ११ च्या. फ्रेमला वीस-पंचवीस मिनिटं धरा, आणि चार फ्रेम झाल्या की मध्यंतर. जेवणाची भांडी घासायची ती तेव्हा.

चालू फ्रेममध्ये एक गणित येणं आवश्यक आहे. टेबलावर किती गुण शिल्लक? उरलेले रेड गुणिले आठ, अधिक सत्तावीस. रेडचा एक आणि काळ्याचे सात मिळून आठ. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सहा कलर्सचे मिळून सत्तावीस. पंधरा रेड असताना १२० अधिक २७, म्हणून १४७. समजा एक जण ४० ने पुढे आहे आणि दोन रेड उरलेत: १६ अधिक २७, म्हणजे ४३. मागे असलेल्याला अजून आशा आहे. पुढे असलेल्यानेच एक रेड आणि त्यावर कलरही पाडला की उरले ३५. आता नुसते बॉल पाडून भागत नाही, समोरच्याकडून फाउल काढायला हवा, म्हणजे स्नूकर लावायला हवा, त्याच्या बॉलची वाट दुसऱ्या बॉलने अडवायला हवी. टीव्हीवाला जेव्हा "आता स्नूकर हवा" म्हणतो तेव्हा तो हे गणित करून म्हणत असतो. गुण मांडणारा आमचा मार्कर हे गणित बोर्डकडे न बघता सांगतो, पण त्याची गोष्ट वेगळी.

नव्या माणसाला सेफ्टीच्या वेळी, म्हणजे बॉल पाडायचा सोडून समोरच्याला अवघड करून ठेवायचं चाललेलं असतं तेव्हा, कंटाळा येतो. दोघं जण पांढरा बॉल वर-खाली नेत बसलेत, पडत काहीच नाही. त्या वेळी पडणाऱ्या बॉलकडे बघू नका. पांढरा बॉल कुठे जाऊन थांबतो तेवढंच बघा. ब्राऊन-पिवळ्याच्या बाजूच्या कुशनला चिकटून, समोर ब्राऊन किंवा पिवळा आडवा असेल तर समोरचा अडकला. दोन-तीन स्पर्धा असं बघितलं की ब्रेकपेक्षा सेफ्टीच आवडायला लागते. मार्क सेल्बीची मॅच ह्यासाठी लावा. आमची पोरं पळून जातात, पण शिकायचं तर तिथेच.

कोणाचा हात धरावा

रॉनीवर मोसम बेतू नका. त्याची सात विश्वविजेतेपदं, आठ यूके, आठ मास्टर्स, सगळं मान्य, पण तो ऐन वेळी नाव मागे घेतो हेही सगळ्यांना माहीत आहे. तुमची रजा वाया जाईल.

वरचा एक खेळाडू धरा आणि मधला एक. मधला म्हणजे पन्नास ते सत्तरच्या दरम्यानचा. मोसम संपताना पहिले ६४ टूरवर राहतात, खालच्यांपैकी ज्यांच्या दोन वर्षांच्या कार्डाची, म्हणजे टूरवर खेळायच्या परवान्याची, मुदत संपली त्यांचं कार्ड जातं. ज्युड ट्रम्प आणखी एक सेमी फायनल हरला तर त्याला वाईट वाटेल. बासष्टावा माणूस पात्रता फेरीतली एक मॅच हरला तर त्याचं पोटापाण्याचं बघावं लागेल. अशा मॅचेस कुठल्या चॅनलवर नसतात, लाइव्ह स्कोअरवर बघाव्या लागतात, आणि हिशेब बघायची माझ्यासारखी खोड असेल तर त्यांच्याइतकं काही रंगत नाही.

आपल्याला मधला खेळाडू शोधायला लांब जायला नको. मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ ला टूरवर आला आणि २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये सेमी फायनलपर्यंत गेला. त्याच्या नावापुढचा आकडा दर स्पर्धेनंतर बघायचा. त्याच्या आधी मुंबईचाच आदित्य मेहता, २०१३ ला दिल्लीच्या इंडियन ओपनच्या फायनलला पोहोचला आणि डिंग जुनहुईकडून ०-५ हरला. पुढच्या वर्षी जर्मनीत १४७ केला. पंकज अडवाणीने दोन मोसम टूरवर काढले, २०१३ च्या वेल्श ओपनला क्वार्टर फायनल गाठली आणि २०१४ ला टूर सोडून परत आला. लोक विचारतात का सोडली. शेफील्डच्या आसपास राहायचं, सतत प्रवास करायचा, आणि घर इथे: माझ्या मते हा हिशेब कोणालाही जड जातो. अडवाणींचा जन्म पुण्यातला, हे इथे पुष्कळांना माहीत नसतं. विल्सन जोन्सही पुण्यातच जन्मले, १९२२ ला. १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, वैयक्तिक खेळात भारताचे पहिले जगज्जेते. "हा साहेबांचा खेळ, आपला काय संबंध" म्हणणाऱ्याला एवढं ऐकवायचं. आणि तो ऐकूनही बधला नाही तर सांगायचं की खेळ जन्मला तोच मुळी जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ ला.

प्रत्यक्ष बघायची संधी मात्र इथे क्वचित. २०१५ ला इंडियन ओपन मुंबईत झालं तेव्हा आमचे हे शिवनेरीने जाऊन आले होते. मायकेल व्हाइटने फायनल ५-० ने घेतली. पुढे हैदराबाद, विशाखापट्टणम, आणि २०१९ ला कोची. मग खंड पडला.

क्रूसिबलचे सतरा दिवस

वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७७ पासून शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात. एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होते, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी संपते. सत्रं सकाळी दहा, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सात, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच, संध्याकाळी सात आणि रात्री साडेअकरा. आम्ही अकराला शटर ओढतो, त्यामुळे शेवटचं सत्र घरी.

सगळं बघायला जाऊ नका, पहिल्या आठवड्यातच डोकं भणभणेल. पहिली फेरी १९ फ्रेमची, दोन सत्रांत. इथे फक्त दुसरं सत्र बघा. दुसरी फेरी आणि क्वार्टर फायनल २५ ची, तीन सत्रांत. इथे मधलं सत्र महत्त्वाचं, कारण मॅच बहुतेकदा तिथेच फिरते. सेमी फायनल ३३ ची, चार सत्रांत, तीन दिवस. तोवर हॉलमध्ये दोन टेबलं असतात आणि मध्ये पडदा. सेमीला पडदा जातो, एकच टेबल राहतं, आणि आधी दोन आठवडे चांगले खेळलेले लोकही एकदम वेगळे दिसायला लागतात. २०२५ ला झाओने रॉनीला सेमीत १७-७ असं हरवलं, शेवटच्या सत्राची गरजच पडली नाही. ज्यांनी त्या सत्रासाठी रजा टाकली होती ते बसले हात चोळत. म्हणून सेमीचं शेवटचं सत्र गृहीत धरू नका.

महाराष्ट्र दिनाची सुट्टी क्वार्टर फायनलपासून फायनलपर्यंत कुठेतरी येतेच, ती जपून ठेवा. फायनल ३५ फ्रेमची, रविवार आणि सोमवार, आठ, नऊ, आठ आणि दहा अशी चार सत्रं. सोमवारचं शेवटचं सत्र साडेअकराला सुरू होतं आणि मॅच अटीतटीची झाली तर तीन वाजून जातात. १९८५ ला डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ हरवलं तेव्हा इंग्लंडमध्येच मध्यरात्र उलटली होती, तरी तिथे १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीपुढे जागे होते. मंगळवारची रजा टाकायची तर आधीच टाका, आणि ऑफिसात खरं कारण सांगू नका, कोणाला पटत नाही. ज्यांना झोपायचंय त्यांच्यासाठी आमच्या दारावर त्या दिवशी पाटी असते: "फायनलचा निकाल दुपारी बारापर्यंत बोलू नये. बोलल्यास एका तासाचे पैसे घेतले जातील." एकदा घेतलेही आहेत.

मंगळवारी चहा झाला की दोन वर्षांची यादी पुन्हा उघडा. वर कोण पोहोचला ते पेपरात येईल. तुम्ही ६४ व्या नावाच्या वरची आणि खालची पाच-सहा नावं बघा, मोसमभर धरलेला तुमचा मधला माणूस कुठे थांबला ते बघा. खाली गेला असेल तर लगेच क्यू स्कूलच्या तारखा शोधा. कार्ड परत मिळवायची स्पर्धा असते ती, आशियातल्या खेळाडूंसाठी बँकॉकलाही होते. थायलंड आपल्यापुढे दीड तास, म्हणजे वेळ सोयीची.